काखेतला कळसा : बरे होणे, रूपक आणि हात

रोगाकडे रूपकांच्या आडून पाहू नये, असा आग्रह सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या पुस्तकात धरला. क्षयाभोवती प्रणयाचे वलय उभे राहिले, कर्करोगाला दडपलेल्या भावनांची उपपत्ती चिकटवली गेली, त्याच्या उपचारांना युद्धाची परिभाषा मिळाली. आणि या साऱ्याचा भार अखेरीस रुग्णाला वाहावा लागला. तो आजारी तर होताच, शिवाय आजारी पडल्याबद्दल दोषीही ठरला. हे प्रतिपादन आता इतके परिचित झाले आहे की रोग आणि साहित्य यांविषयीची कोणतीही चर्चा बहुधा तेथूनच सुरू होते. प्रस्तुत लेखाचा त्याला विरोध नाही. परंतु त्याच्या बुडाशी एक गृहीत आहे आणि ते तपासून पाहण्याजोगे आहे. रूपकांचे आवरण दूर केले की रोग्याचे शरीर जसे आहे तसे दिसू लागेल, असे ते गृहीत होय. हे खरे असेल तर ज्या दुखण्याच्या वाट्याला फारसे रूपक कधी आलेच नाही, ते दुखणे सर्वांत स्वच्छ दिसावयास हवे. तसे ते दिसते काय?

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आपण एका नावाने ओळखतो, पण तिच्यात अनेकदा दोन जखमा असतात. पहिली स्तनाची, तो संपूर्ण काढलेला असेल किंवा त्याचा काही भाग. दुसरी काखेतली. काखेतील चरबीच्या थरात लसीका ग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांची संख्या व्यक्तिपरत्वे बदलते, पण साधारण वीस-तीस धरावयास हरकत नाही. ऊतींमध्ये झिरपलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्ताकडे नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांवरची ही ठाणी होत. संपूर्ण हाताचा द्रव मुख्यतः याच वाटेने परततो. या ग्रंथी काढल्या की पुढचे काही दिवस जखमेतून एक नळी बाहेर काढून ठेवावी लागते. काखेतून जाणारी एक संवेदी मज्जा तुटली वा ताणली गेल्यामुळे दंडाची आतली बाजू बधिर होते. खांदा आखडतो. काहींच्या काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंतही, त्वचेखाली ताणलेल्या दोऱ्यांसारख्या शिरा उमटतात व हात वर जाईनासा होतो. आणि काहींच्या हाताला सूज येते. काही महिन्यांनी येते, कधी कित्येक वर्षांनी येते. एकदा ती घट्ट बसली की पट्ट्यांनी, दाबाच्या बाहीने, विशिष्ट मर्दनाने तिला आवर घालता येतो. ती पुसून टाकणे बहुधा जमत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार काखेतील ग्रंथी मोठ्या संख्येने काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांत एकीला ही सूज आली, तर मोजक्याच ग्रंथी तपासण्यापुरत्या काढलेल्यांपैकी सुमारे वीसांत एकीला.

या दोन जखमांकडे साहित्याने आणि समीक्षेने सारखे लक्ष दिलेले नाही. स्तन हा संस्कृतीने शतकानुशतके लिहून ठेवलेला अवयव आहे. मदुरा नगरी जाळण्यासाठी स्वतःचा स्तन उपटून फेकणारी ‘सिलप्पदिकारम्’मधील कण्णगी असो, विषारी दूध पाजावयास आलेली पूतना असो, की धनुष्याआड येतो म्हणून एक स्तन नाहीसा करणाऱ्या ग्रीक दंतकथेतल्या वीरांगना असोत, स्तन नुसता अवयव राहत नाही, तो वात्सल्य, शृंगार, शाप, भूमी यांचा चिन्हक होतो. म्हणूनच त्याच्या छेदाचा अर्थ लावणे समीक्षेला सोपे जाते. वाचनाची सामग्री आधीच तयार असते. मराठीत तर आणखी एक गंमत आहे. मूल ‘अंगावर पिते’ असे आपण म्हणतो. म्हणजे बोलण्यातल्या संकोचापायी स्तनाला लपवण्यासाठी आपण संपूर्ण अंग पुढे करतो. सिद्धान्तात याच्या नेमके उलटे घडले आहे. तेथे स्तनाने उरलेले अंग झाकून टाकले आहे.

ऑड्रे लॉर्ड यांचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) हे या विषयावरील बहुधा सर्वांत प्रभावी पुस्तक. १९७८ साली त्यांचा एक स्तन काढण्यात आला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना धीर देण्यासाठी येणारी एक कार्यकर्ती चोळीत भरावयाचा लोकरीचा बोळा घेऊन आली. पुढे तो न वापरता त्या शल्यचिकित्सकाकडे गेल्या, तेव्हा तेथील परिचारिकेने, असे आल्याने इतरांचे मनोधैर्य खचते, अशी समज दिली. या प्रसंगातून लॉर्ड यांनी उभा केलेला युक्तिवाद अजूनही निरुत्तर करणारा आहे. युद्धात डोळा गमावलेल्या इस्राएली सेनानी मोशे दायान यांच्या डोळ्यावरील पट्टीला कोणी लाजिरवाणी मानत नाही. मग एकस्तनी स्त्रीनेच कोणाच्या सोयीसाठी पूर्ववत दिसावे? कृत्रिम स्तन म्हणजे त्यांच्या मते जे घडले ते घडलेच नाही असे भासवण्याची सक्ती होती, आणि त्या सक्तीमुळे अशा स्त्रिया एकमेकींना ओळखूही शकत नव्हत्या. या विवेचनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्याचा सगळा भर दिसण्यावर आहे, हे नोंदवावयास हवे. वेदना त्यांच्या नोंदींत आहे, पुष्कळ आहे. परंतु युक्तिवाद जेथे उभा राहतो ती जागा छातीची. बोळा नाकारता येतो. सुजलेला हात नाकारता येत नाही, आणि तो मिरवून कोणती चळवळ उभी राहील हेही चटकन सुचत नाही.

याहून मागे गेले तर फॅनी बर्नी यांचे पत्र आहे. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, भुलीचा शोध लागण्यापूर्वी, नेपोलियनच्या सैन्याचा शल्यचिकित्सक लॅरे याने या इंग्रज कादंबरीकर्तीचा स्तन काढला. बहिणीला लिहिलेल्या त्या दीर्घ पत्राला पुढच्या वर्षी कित्येक महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही, असे त्यात नमूद आहे. या पत्राच्या शेवटाकडे एक तपशील येतो. शस्त्रक्रिया संपल्यावर त्यांना उचलून बिछान्याकडे नेतात तेव्हा हात आणि बाहू सावरण्याचीही शक्ती उरलेली नसते. ते निर्जीव असल्यासारखे लोंबत असतात. वाचकाच्या स्मरणात पाते राहते, किंकाळी राहते. हे लोंबणारे हात बहुधा राहत नाहीत. त्यानंतर बर्नी १८४० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ जगल्या. पत्राचा विषय मात्र वीसेक मिनिटांचा आहे. यात लेखिकेचा दोष नव्हे. शस्त्रक्रियेला आरंभ, मध्य, शेवट असतो. बरे होण्याला कथानक नसते.

आणि स्वतः सॉन्टॅग? १९७५ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले व त्यांच्यावर हॉलस्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली, हे त्यांच्या पुत्राने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे. या पद्धतीत स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सारे एकसंध काढले जाई. ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ मध्ये यातले काहीही नाही. ‘मी’ हे सर्वनामच त्या अनुभवासाठी वापरलेले नाही. पुढे १९८९ च्या पुस्तकात त्यांनी त्याचे कारण दिले : आजाराच्या आणखी एका आत्मकथेपेक्षा एक विचार रुग्णांना अधिक उपयोगी पडेल असे त्यांना वाटले. ही भूमिका आदरणीय आहे. पण परिणाम असा की रूपकमुक्तीचा जाहीरनामा ज्या शरीराने लिहिला त्याचा हातही त्यात आला नाही. लिहिणाऱ्या व्यक्तीचा हात, हे विशेष. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

अर्थात काख रूपकांपासून पूर्णतः मुक्त होती असे नाही. वैद्यकाने तिच्याविषयी एक चित्र रंगवले होते आणि त्या चित्राचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने वाचावा इतका बोलका आहे. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेची पन्नास प्रकरणे प्रसिद्ध केली. कर्करोग स्तनातून टप्प्याटप्प्याने, शेजारून शेजारी, लसीकावाहिन्यांच्या वाटेने पसरतो. ग्रंथी त्याला काही काळ अडवतात. म्हणून शत्रू पुढच्या ठाण्यावर पोचण्यापूर्वी सगळा मुलूखच कापून काढावा, असा त्यामागचा विचार होता. या विचाराने सुमारे पाऊण शतक राज्य केले. हाताचे काय होते हे हॉलस्टेड यांना दिसत नव्हते असे मुळीच नाही. १९२१ साली त्यांनीच त्या सुजेवर स्वतंत्र लेख लिहिला आणि तिला नाव दिले ‘एलिफन्टायसिस चिरुर्जिका’, म्हणजे शस्त्रक्रियेतून उद्भवलेला हत्तीरोग. हाताच्या वाट्याला आलेले हे जवळजवळ एकमेव ठसठशीत रूपक, आणि तेही दुसऱ्या रोगाकडून, दुसऱ्या अवयवाकडून उसने घेतलेले. (जाता जाता : हत्ती या शब्दाचे मूळ ‘हस्तिन्’, ज्याला हात आहे तो. सोंड हा हत्तीचा हात. सुजलेल्या हाताला हत्तीचे नाव देताना भाषा नकळत मूळ पदावर आली, पण रुग्णेला त्याचा काय उपयोग!)

१९७१ पासून अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने हे चित्र मोडले. ज्यांच्या काखेत गाठी हाताला लागत नव्हत्या अशा स्त्रियांमध्ये काखेतील ग्रंथी आरंभीच काढल्या, त्यांवर किरणोपचार केला, किंवा त्यांना गरज पडेपर्यंत हातच लावला नाही, तरी आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यातही तो आढळला नाही. ग्रंथी म्हणजे तटबंदी नव्हे, खूण आहे, असा याचा अर्थ घेतला गेला. तरीही काख उघडली जातच राहिली, कारण ती खूण वाचावयाची होती. किती ग्रंथींत रोग पोचला आहे यावर पुढील औषधोपचार ठरत. मग १९९० च्या दशकात ‘सेंटिनेल’ ग्रंथीची कल्पना आली : गाठीच्या भागातला द्रव ज्या ग्रंथीत सर्वप्रथम पोचतो ती निळ्या रंगाने अथवा किरणोत्सारी द्रव्याने हुडकावी, तेवढीच काढून पाहावी, ती निर्दोष असेल तर बाकीच्यांना धक्का लावू नये. सेंटिनेल म्हणजे पहारेकरी. परिभाषा अजून लष्करीच आहे, पण तिचे काम बदलले आहे. सगळी शिबंदी कापून काढण्याऐवजी आता वेशीवरच्या एका पहारेकऱ्याकडे चौकशी केली जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीने दाखवले की स्तन राखून शस्त्रक्रिया व त्यानंतर किरणोपचार झालेल्या स्त्रियांत एक-दोन पहारेकरी ग्रंथी बाधित निघाल्या, तरी उरलेल्या ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काखेच्या खालच्या भागातील मोजक्या ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली गेली व तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. किरणोत्सारी द्रव्याची खर्चिक सामग्री जेथे नाही तेथेही हात वाचवता यावा, हे तिचे महत्त्व.

या इतिहासातून सॉन्टॅग यांच्या भूमिकेत एक दुरुस्ती करावी लागते. रूपक रुग्णाला लाजवते हे खरे. परंतु रूपक शल्यचिकित्सकाचा हातही चालवते. तटबंदीचे रूपक होते तेव्हा काख रिकामी केली गेली, पहारेकऱ्याचे आले तेव्हा ती बरीचशी राखली गेली. बदल घडवला तो चाचण्यांच्या आकड्यांनी, यात शंका नाही. पण आकड्यांना शस्त्रापर्यंत नेणारे काहीतरी चित्र लागते. तेव्हा रूपक असावे की नसावे, हा प्रश्न पुरेसा नाही. कोणते रूपक कोणाच्या शरीरावर कोणती किंमत लादते, हे विचारले पाहिजे.

किंमत हा शब्द येथे नैतिक अर्थाने घ्यावयाचा आहे. वर्षानुवर्षे असंख्य स्त्रियांच्या काखेतील ज्या ग्रंथी निर्दोष निघाल्या त्या काढल्याने रोग कमी झाला नाही. एक माहिती मिळाली. माहिती दिलासा देणारी होती आणि तिच्या मोबदल्यात हात देण्यात आला. येथे अन्याय झाला असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. त्या काळी ती माहिती मिळवण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि तिच्यावाचून उपचार अंधारात झाले असते. आजही ज्यांच्या काखेत रोग उघडपणे पोचला आहे, आणि उशिरा रुग्णालयात येणाऱ्या आपल्याकडील अनेक स्त्रियांच्या बाबतीत तो पोचलेला असतो, त्यांच्या ग्रंथी काढणेच योग्य ठरू शकते. अडचण वेगळी आहे. निर्णय योग्य होता एवढे सिद्ध झाले की त्याच्या परिणामांचा हिशेब मिटला, असे मानले जाते. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६५ च्या एका निबंधात या समजुतीला छेद दिला. दोन कर्तव्यांपैकी एकाची निवड योग्य रीतीने झाली तरी दुसरे कर्तव्य चुकीचे ठरून नाहीसे होत नाही. त्याचे काहीतरी मागे उरते. नीतिशास्त्रात पुढे यालाच नैतिक शेष म्हणू लागले. बेरजेत आपण हातचा धरतो, तसा हा शेष पुढच्या घरात धरावा लागतो. धरला नाही तर उत्तर चुकते. जीव वाचला हे पहिल्या घरातले उत्तर बरोबर आहे. हातचा मात्र बहुधा सुटतो. ‘जीव वाचला ना, मग हाताचे काय एवढे’ हे वाक्य घरातले लोक बोलतात, आणि बरेचदा ती स्त्री स्वतःच बोलते. हे वाक्य क्रूर नाही. कृतज्ञतेतूनच ते येते. म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड.

ते अवघड का, याचे एक कारण भाषेच्या रचनेत सापडते. रोमन याकबसन यांनी १९५६ साली वाचाघाताच्या दोन प्रकारांवरून भाषेचे दोन अक्ष दाखवले : साम्यावर चालणारे रूपक आणि सान्निध्यावर चालणारी लक्षणा. (मेटॉनिमीसाठी लक्षणा ही संज्ञा येथे शिथिलपणे वापरली आहे, आपल्या शास्त्रकारांची लक्षणा याहून व्यापक आहे.) काव्यविचाराने रूपकाचा अभ्यास हिरिरीने केला आणि लक्षणेकडे दुर्लक्ष केले, अशी तक्रारही त्यांनी त्याच निबंधात नोंदवली. सिद्धान्त एका आजारातून निघाला हे आपण विसरतो. तो पुन्हा आजाराकडे नेण्यास हरकत नसावी. स्तनाचा अर्थ साम्याने लागतो. स्तन म्हणजे मातृत्व, स्तन म्हणजे स्त्रीत्व. हाताचा अर्थ असा लागत नाही. तो सान्निध्याने लागतो. स्तनाशेजारी काख, काखेशेजारी हात, हातापाशी काम, कामापाशी पोट. या साखळीत कोठेही ‘म्हणजे’ नाही, फक्त ‘शेजारी’ आहे. म्हणून रूपकाला सरावलेली समीक्षा तिच्याजवळून जाते आणि तिला काही दिसत नाही.

मराठी भाषेला मात्र ही साखळी पूर्वीपासून ठाऊक आहे. हाताला किंवा पायाला जखम झाली की काखेत वा जांघेत ‘अवधाण’ येते, हे खेड्यातल्या कोणाही म्हातारीला माहीत असते; बोटाची जखम आणि काखेतली गाठ यांचा संबंध त्या एका शब्दात बांधलेला आहे. काखेतल्या गळवाला ‘काखमांजरी’ असे स्वतंत्र नाव आहे. हातभार, हाताखाली, हातासरशी, हातघाई या शब्दांत हात कधी सौंदर्याचा विषय नसतो. तो कामाचा असतो. आणि ज्याला रोज मिळवावे तेव्हा खावे लागते त्याचे ‘हातावर पोट’ असते. हा वाक्प्रचार आपण इतक्या सहज वापरतो की त्यातले शरीरशास्त्र जाणवत नाही. काखेतील ग्रंथी काढलेल्या शेतमजूर बाईच्या बाबतीत तो जाणवू लागतो. खुरपणी, वेचणी, धुणे पिळणे, भाकरी थापणे, भरलेली कळशी काखेत घेऊन चढ चढणे. तिचे पोट ज्या हातावर आहे त्याच हाताच्या मुळाशी शस्त्रक्रिया झालेली असते. लॉर्ड यांच्यासमोरचा प्रश्न ‘मी कशी दिसावी’ हा होता. हिच्यासमोरचा प्रश्न ‘मी काय उचलावे’ हा आहे. पहिला प्रश्न खोटा नाही, पण तो दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. आणि स्त्रीवादी समीक्षेने पहिल्याचे जेवढे सूक्ष्म वाचन केले तेवढे दुसऱ्याचे केलेले नाही, असे माझे मत आहे.

विश्रांतीला भाषेची मान्यता लागते हेही येथे पाहता येते. बाळंतिणीला आपल्याकडे एक नाव आहे, एक मुदत आहे. सव्वा महिना तिने जड उचलू नये, थंड पाण्यात हात घालू नये, तिला तेल लावावे, डिंकाचे लाडू द्यावे, शक्यतो ती माहेरी असावी. यातल्या किती गोष्टी वैद्यकाला मान्य होतील हा वेगळा प्रश्न. परंतु ‘बाळंतीण’ म्हटल्याबरोबर घरातली कामे दुसऱ्या हातांत जातात, निदान जावीत असा संकेत असतो. स्तन आणि काख यांवरील शस्त्रक्रियेतून उठलेल्या स्त्रीला असे नाव नाही. ती आजारी असते, मग एके दिवशी ‘बरी’ असते. मधल्या अवस्थेला शब्द नाही, म्हणून मुदतही नाही. मराठीत ‘बरे’ या शब्दाला चांगले आणि निरोगी असे दोन्ही अर्थ आहेत, आणि ‘बऱ्या झालात ना?’ या प्रश्नात ते दोन्ही एकदम विचारले जातात. नकार दिला तर शरीराची तक्रार होते, शिवाय उपकार विसरल्यासारखेही होते. तेव्हा ती हो म्हणते आणि सूज अंगावर काढते. ‘अंगावर काढणे’ या क्रियापदाचे भाषांतर इंग्रजीत धड होत नाही. होत नसावे हेच बरे.

जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ साली आपल्या वैद्यकीय प्रबंधात मांडले की रोगातून उठणे म्हणजे पूर्वीच्या निरागस अवस्थेकडे परतणे कधीच नसते. शरीर नव्या मर्यादांत नवे नियम घडवते, आणि ते त्याला घडवता आले तर त्याला बरे झालेले म्हणावे. हा विचार येथे फार उपयोगी पडतो, पण एका अटीवर. नियम घडवणारे शरीर एकटे नसते. त्याच्या हाती एक छापील कागद दिलेला असतो. बाधित बाजूच्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये, घट्ट बांगड्या घालू नयेत, वजन उचलू नये, भाजू-कापू देऊ नये. हा विधिनिषेधांचा कागद अनेक वर्षे तसाच फिरत राहिला. पुढे अभ्यास झाले. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सूज आधीच असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजने उचलली तेव्हा सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. २०१६ च्या एका अभ्यासात रक्तदाब मोजणे, सुई टोचणे, विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध आढळला नाही. वाढलेले वजन आणि त्वचेचा जंतुसंसर्ग यांचा मात्र आढळला. म्हणजे निषेधांपैकी काही व्रतांसारखे होते : पाळणाऱ्याला धीर देणारे आणि मोडणाऱ्याला अपराधी करणारे. ज्या बाईला कळशी उचलावीच लागली तिला सूज आली, तर ती स्वतःच्या हलगर्जीपणामुळे आली असे तिला वाटावयाचे. सॉन्टॅग यांनी रूपकाविरुद्ध जी तक्रार केली होती, रोग्याला दोषी ठरवण्याची, ती येथे रूपकाचा लवलेश नसलेल्या एका साध्या यादीबद्दलही करता येते. निव्वळ शब्दशः भाषा निरपराध असते, हा समज या कागदापुढे टिकत नाही.

कागद फेकून द्यावा असे यावरून निघत नाही. त्यातली त्वचा जपण्याची सूचना आजही खरी आहे. शेतातला काटा, विळ्याची खाच, चुलीचा चटका यांतून जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून सूज उभी राहते. प्रश्न हा की त्याची भाषा कोणाच्या दिवसावरून घेतली आहे. तेथे किलोग्रॅम लिहिलेले असते. भरलेला हंडा, ओल्या चादरीचा पीळ, कापसाचे ओझे लिहिलेले नसते. व्यायामशाळेतले वजन हळूहळू वाढवता येते, हंडा पाव-पाव भरून वाढवता येईल की नाही हे नळाला किती वेळ पाणी असते यावर ठरते. व्यायामांपैकी एक असा असतो की भिंतीसमोर उभे राहून बोटे भिंतीवरून हळूहळू वर चढवत न्यावीत. कालची खूण आज एक बोटभर ओलांडावी. ‘काखा वर करणे’ याचा मराठीतला अर्थ जबाबदारी झटकणे असा आहे. येथे मात्र जबाबदारी पार पाडावयाची ती नेमकी काखा वर करूनच, आणि तीही एकटीने.

सूज ठरवण्याची पद्धत अगदी साधी आहे. शिंप्याकडे असते तशी टेप घेऊन दोन्ही हातांचा घेर मनगट, कोपर, दंड अशा ठराविक जागी मोजतात. दोहोंत दोन सेंटिमीटरचा फरक आढळला तर सूज आहे असे सामान्यतः धरले जाते. येथे प्रमाण म्हणून घेतला जातो तो बाहेरचा कोणताही आदर्श नव्हे, त्याच स्त्रीचा दुसरा हात. कांगिलेम यांना हे मोजमाप आवडले असते. परंतु जो हात अधिक काम करतो तो बहुतेकांचा मुळातच थोडा जाड असतो. उजव्या हाताने आयुष्यभर कुदळ चालवलेल्या बाईची उजवी काख उघडली गेली असेल, तर नुसत्या तुलनेवरून काहीच सांगता येत नाही. डावी उघडली गेली असेल, तर सुरुवातीची सूज या तुलनेत लपून जाते. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेले दोन्ही हातांचे माप जवळ असावे लागते. ते घेण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि ते घेतले गेले होते की नाही हे तिच्या कागदांच्या पिशवीत शोधल्यावरच कळते.